एक बटण, एक गाणं: मिडीनं पेडलं, अँप आणि वाद्यं बदलायची कशी

आमच्या बेळगाव भागात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याला एका संध्याकाळी काय काय वाजवायला लागतंय ते आधी सांगतो. सुरुवातीला अभंग, त्याला अकूस्टिकचा साधा आवाज, मग लगेच कन्नड सिनेमातलं गाणं, त्यात स्वच्छ इलेक्ट्रिक आणि मागं थोडा डिले म्हणजे प्रतिध्वनी, तेवढ्यात समोरनं चिठ्ठी येते लावणी पाहिजे म्हणून, आणि शेवटी पोरं उठून नाचायला लागली की हिंदी गाण्यातला सोलो, तिथं ओव्हरड्राइव्ह म्हणजे खरखरीत फाटका आवाज पाहिजे, बूस्टर पाहिजे, डिले पाहिजे आणि अँपचं चॅनल पण बदलायला पाहिजे. आवाज बदलणारे हे छोटे डबे म्हणजे पेडलं, ती पायानं दाबायची, म्हणजे दोन ओळींच्या मधल्या श्वासात चार ठिकाणी पाय. खानापूरकडं एका जत्रेत मी सोलोआधी तीन पेडलं दाबली, चौथं राहिलं, निम्मा सोलो झाला तरी आवाज वर आलाच नाही. कार्यक्रम संपल्यावर कीबोर्डवरचे आमचे काका एवढंच म्हणाले, "अरे, गायिका कडवं उचलायला तुझ्याकडं बघत होती, आणि तू खाली बघत होतास." ते मनाला लागलं. तिथनं पुढं मी मिडी स्विचिंग शिकलो, मिडी म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती ठरलेली भाषा, आणि जे शिकलो ते इथं सगळं लिहून टाकतोय, कारण आपल्याकडं हे मराठीत समजावून सांगणारं कोण भेटत नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, मिडीच्या वायरीतनं आवाज जात नाही. एक थेंब पण नाही. त्यातनं फक्त हुकूम जातोय, "पाच नंबर लाव", "हे बंद कर", "ते चालू कर" असा. आवाज वेगळ्या वायरीनं जातो, गिटारच्या नेहमीच्या लीडनं. हे दोन रस्ते डोक्यात वेगळे ठेवले की निम्मं काम झालं, आणि जे लोक गोंधळतात ते इथंच गोंधळतात.

मिडी १९८३ पासून आहे आणि त्यातलं आपल्याला लागणारं फार थोडं आहे. एका वायरीवर १६ चॅनल असतात (अँपच्या चॅनलशी यांचा संबंध नाही), म्हणजे एकाच वायरीला पाच-सहा यंत्रं लावली तरी प्रत्येकाला वेगळा चॅनल नंबर दिला की ज्याचा हुकूम त्यालाच लागू होतो. हुकूम दोन प्रकारचे लागतात. प्रोग्राम चेंज म्हणजे अमुक नंबरचा प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेलं सेटिंग, उघड, असे १२८ नंबर. आणि कंट्रोल चेंज, ज्याला सगळे सीसी म्हणतात, म्हणजे प्रीसेट तोच ठेवून त्यातली एखादी गोष्ट बदल, चालू-बंद कर, कमी-जास्त कर, त्याची किंमत ० ते १२७. काही जण म्हणतात मिडीमुळं आवाज उशिरा बदलतो, तसं नसतं, प्रोग्राम चेंजचा एक हुकूम जायला एक मिलिसेकंद पण लागत नाही. उशीर होतो तो बहुतेक वेळा डिजिटल पेडलला नवा प्रीसेट उघडायला लागणाऱ्या वेळेमुळं, त्यावर उपाय आहे, पुढं सांगतो.

आता साध्या पेडलांना, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, फझ, कॉम्प्रेसर असल्यांना मिडी कळत नाही. त्यांच्यासाठी मधी लूप स्विचर लागतो. हा एक डबा असतो, त्याला प्रत्येक पेडलसाठी एक सेंड आणि एक रिटर्न. सेंडमधनं आवाज पेडलमध्ये जातो, पेडलमधनं रिटर्नला परत येतो. अशा प्रत्येक सेंड-रिटर्नच्या जोडीला लूप म्हणतात. डब्यात प्रत्येक लूपला एक रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, असतो, तो आवाजाला एकतर पेडलमधनं फिरवून आणतो नाहीतर सरळ पुढं सोडतो. पेडलं सगळी कायमची चालू ठेवायची, पाय लावायचाच नाही, कोण आत आणि कोण बाहेर ते स्विचर ठरवणार. जे पेडल वापरात नाही ते आणि त्याच्या दोन लीडा आवाजाच्या रस्त्यातनंच बाहेर जातात, त्यामुळं आवाज मोकळा होतो, पहिल्यांदा जोडलं तेव्हा मला आपलीच गिटार वेगळी वाटली होती.

यंत्रं घ्यायची तर दोन वाटा आहेत. बॉसच्या ईएस-८ सारखं एकत्र यंत्र, त्यात पायाची बटणं आणि आठ लूप एकाच डब्यात, आणि पेडलांचा क्रम पण आतल्या आत बदलता येतो. दुसरी वाट म्हणजे लूपचा डबा मागं अँपजवळ ठेवायचा आणि पुढं पायाशी फक्त मिडी कंट्रोलर, जसा बेहरिंगरचा एफसीबी१०१०, दहा बटणं, दोन एक्स्प्रेशन पेडल (पायानं कमी-जास्त करायचे), एका प्रीसेटवर पाच प्रोग्राम चेंज पाठवतो, शिवाय अँपचं चॅनल बदलायला दोन रिले जॅक त्यालाच आहेत. त्याचं सेटिंग करणं किचकट आहे पण बांधा दणकट. छोट्या स्टेजवर एकत्र यंत्र बरं. आपल्याकडं मंडपाचं स्टेज मोठं असतं आणि लोक वायरीवरनं चालतात, तिथं मला दुसरी वाट पटते, कारण हुकूम पुढनं मागं न्यायला एकच मिडीची वायर, आणि ती १५ मीटरपर्यंत बिनघोर चालते. गिटारच्या लीडचं तसं नाही, ती जेवढी लांब तेवढा वरचा सूर मरतो, त्याला कारण वायरीची कपॅसिटन्स, साधारण मीटरला १०० पिकोफॅराड धरा. म्हणून गिटारपास्नं मागच्या डब्यापर्यंत जायचं असेल तर सुरुवातीलाच एक चांगला बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, पाहिजे. फक्त जुन्या पद्धतीचा फझ असेल तर तो बफरच्या आधी ठेवा, फझला थेट गिटारचं पिकअप लागतंय, मधी बफर आला की आवाज कर्कश होतो.

यंत्र विकत घ्यायच्या आधी मात्र कागद घ्या. खरंच सांगतो, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, यात दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील. डावीकडं उभी पेडलांची नावं लिहा ज्या क्रमानं आवाज जातो त्या क्रमानं, खाली अँपचं चॅनल लिहा, कुठलं वाद्य ते लिहा. वरच्या बाजूला गाणी लिहा. आणि प्रत्येक गाण्याखाली टिका मारत जा. तीस गाणी लिहिलीत तर लक्षात येईल की खरे वेगळे आवाज सात-आठच आहेत. माझे आठ निघाले: अकूस्टिक साधा, अकूस्टिक रिव्हर्बसकट, स्वच्छ इलेक्ट्रिक, स्वच्छ अधिक डिले, लावणीचा कॉम्प्रेसरवाला टोकदार आवाज, रिदमचा ड्राइव्ह, सोलो, आणि वाह पेडलवाला. लोक पेडलांपास्नं विचार सुरू करतात, माझ्याकडं हे आहे तर काय करू म्हणून, आणि मग चाळीस प्रीसेट बनवून बसतात आणि स्टेजवर एक पण आठवत नाही. गाण्यापास्नं सुरू करा.

अँपकडं येऊ. बहुतेक दोन चॅनलच्या अँपला मागं फूटस्विचचा जॅक असतो, आणि आत काही जादू नसते, टिप (जॅकचं टोक) आणि स्लीव्ह (त्याचा दांडा) जोडले की चॅनल बदलतं. स्विचरमधला रिले तेच जोडायचं काम करतो. फक्त अँप कुठल्या प्रकारचं आहे ते बघावं लागतंय. फूटस्विचच्या जॅकमध्ये एक साधी लीड घाला, दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्ह वायरच्या तुकड्यानं टेकवा. टेकवून धरलंय तोवर चॅनल बदललेलं राहिलं आणि सोडल्यावर परत आलं तर लॅचिंग, आणि प्रत्येक टेकवण्याला एकदा बदलत गेलं तर मोमेंटरी. स्विचरच्या सेटिंगमध्ये तसं निवडा. हे करताना जॅक फूटस्विचचाच आहे ना ते दोनदा वाचा, स्पीकरच्या जॅकवर हा प्रयोग केला तर अँप जळू शकतं. काही अँपना बऱ्याच पिनांचा खास फूटस्विच असतो, तिथं आधी मॅन्युअल.

आणि हे ठळक लक्षात ठेवा, लूप स्विचरमधनं गिटारचा बारीक सिग्नल जातो, अँपचा स्पीकरकडं जाणारा आऊटपुट त्यातनं कधीच न्यायचा नाही. वाल्व्हचं अँप असेल तर स्पीकर निघाला तरी आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. दोन अँप वापरायची तर अँपच्या इनपुटला आवाज वाटायचा, स्पीकर आपापले कायम जोडलेले.

दोन अँप जोडली की घुंऽ असा आवाज येतो, हे ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. कारण असं की दोन्ही अँपना अर्थिंग आहे आणि गिटारच्या लीडच्या जाळीतनं ती दोन अर्थिंग एकमेकांना जोडली गेली, एक मोठा वळसा तयार झाला आणि त्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरली. यावर आमच्याकडं एक उपाय सर्रास सांगतात, एका अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. तो उपाय करू नका, हात जोडून सांगतो. जत्रेच्या स्टेजवर जनरेटर असतो, खाली ओली माती असते, गिटारच्या तारा हातात आणि तोंड लोखंडी माइकला, त्या पिनेवर तुमचा जीव आहे. खरा उपाय म्हणजे दुसऱ्या अँपकडं जाणारा आऊटपुट ट्रान्सफॉर्मरनं तोडलेला पाहिजे. बऱ्याच स्विचरला असा एक आयसोलेटेड आऊटपुट असतो, नसेल तर बाहेरनं ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर लावा. आणि दोन्ही अँप विजेच्या एकाच बोर्डावर लावा. दोन्ही एकदम चालू केल्यावर आवाज वाढायच्या जागी पोकळ झाला, खालचा सूर गायब झाला, तर दोन अँपची पोलॅरिटी उलटी आहे, फेजचं बटण असेल तर ते दाबा.

डिले आणि रिव्हर्ब अँपच्या आधी ठेवायचे की इफेक्ट लूपमध्ये, हे तुमच्या अँपवर आहे. ड्राइव्ह अँपमधनं घेत असाल तर डिले त्याच्या नंतर पाहिजे, म्हणजे अँपच्या सेंड-रिटर्नमध्ये, नाहीतर डिलेच्या प्रतिध्वनीवर ड्राइव्ह बसतो आणि चिखल होतो. त्यासाठी मधी तोडता येणारा स्विचर घ्या, अर्धे लूप अँपच्या आधी, अर्धे अँपच्या लूपमध्ये. मागं-पुढं मिळून चार लीडा लागतात म्हणून त्याला फोर केबल पद्धत म्हणतात.

दोन वाद्यांचं काय? मी अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक दोन्ही नेतो. एकेकाळी मधीच लीड काढून दुसऱ्यात घालायचो, प्रत्येक वेळी स्पीकरमधनं ठाप्प. आता स्विचरच्या आधी ए-बी रिले आहे, अकूस्टिकच्या प्रीसेटला रिले एका बाजूला, इलेक्ट्रिकला दुसऱ्या, आणि जे वाद्य स्टँडवर आहे ते आपोआप म्यूट. हा फायदा सांगावा तेवढा थोडा, कारण स्टँडवरची अकूस्टिक मॉनिटरसमोर उघडी राहिली की हूऽऽ करून फीडबॅक देणारच. अकूस्टिकचा रस्ता मात्र अँपकडं नेऊ नका, तिचा वेगळा आऊटपुट डीआय बॉक्समधनं, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डब्यातनं, सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला द्या.

आता मिडीच्या वायरी. पाच पिनांची वायर, एकाच्या आऊटमधनं दुसऱ्याच्या इनमध्ये, दुसऱ्याच्या थ्रूमधनं तिसऱ्याच्या इनमध्ये. दोन कंट्रोलर असतील तर त्यांचे आऊट वाय करून एकत्र जोडायचे नाहीत, हुकूम एकमेकांत मिसळून खराब होतात, त्यासाठी मर्जर लागतो. नव्या छोट्या पेडलांना जागा नसल्यामुळं साध्या ३.५ किंवा पाव इंची स्टिरिओ जॅकमधनं मिडी असतो, त्यात ए आणि बी असे दोन प्रकार, टिप आणि रिंग (जॅकचं मधलं कडं) उलटसुलट. २०१८ मध्ये ए हा ठरीव केला पण जुनी पेडलं बी वाली फिरतायत, त्यामुळं वायर बरोबर दिसते आणि पेडल ढिम्म हलत नाही असं झालं की आधी हे तपासा. पाच पिनांच्या मिडीची एक चांगली गोष्ट, घेणाऱ्या बाजूला आत ऑप्टोकपलर असतो, हुकूम उजेडावर पोचतो, तांब्यावर नाही, त्यामुळं या वायरीनं गुणगुण शिरत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीनं जोडलं की मात्र शिरू शकते.

चॅनल नंबर ठरवा आणि प्रत्येक यंत्राच्या पोटाला टेप चिकटवून लिहा. माझं असं आहे, स्विचर १, डिले २, रिव्हर्ब ३, काकांचा कीबोर्ड ४. यंत्रात ऑम्नी नावाचं सेटिंग असलं तर बंद करा, नाहीतर ते सगळ्यांचे हुकूम आपलेच समजतंय. आणि एक गोष्ट प्रत्येकाला एकदा छळते, काही कंपन्या प्रोग्राम ० पासून मोजतात, काही १ पासून. तुम्ही ५ पाठवता आणि तिकडं ६ उघडतो. यंत्र बिघडलेलं नाही, मोजणी वेगळी आहे, एक कमी करा.

काकांचा कीबोर्ड जोडल्याचा फायदा असा की मी लावणीचं बटण दाबलं की त्यांच्याकडं हार्मोनियमचा आवाज आपोआप येतो. आधी ते तयार नव्हते, "माझ्या वाद्याला तू हात लावणार होय?" म्हणाले. मग आम्ही ठरवलं, फक्त पाच गाण्यांत, आणि त्यांनी सांगितलेल्याच आवाजाला. आता तेच आठवण करतात.

प्रीसेट उघडायला उशीर होतो त्यावर जो उपाय सांगतो म्हटलं होतं तो आता, डिले पेडलचंच उदाहरण घेतो. डिले साध्या रिले लूपमध्ये टाकला आणि प्रीसेट बदलला की घुमणारा आवाज कापल्यासारखा बंद होतो, सुऱ्यानं कापावा तसा. गाण्याचा शेवटचा सूर विरत जायच्या जागी एकदम शांतता, ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतंय. म्हणून मिडी कळणारा डिले असेल तर त्याचा लूप कायम चालू ठेवा, आणि डिले चालू-बंद करायला प्रोग्राम चेंजच्या जागी सीसी पाठवा, बहुतेक ठिकाणी १२७ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद, कुठला सीसी ते मॅन्युअलमध्ये मिळतंय. पेडलमध्ये ट्रेल्सचं सेटिंग चालू करा. मग शेपूट आपोआप विरते आणि प्रीसेट उघडायचा खंड पण पडत नाही.

प्रीसेटचा आवाज घरात बसवू नका. अनगोळ-वडगावच्या गल्लीत रात्री हळू आवाजात बसवलेला सोलो मंडपात ड्रमच्या मागं बुडतो. आधी स्वच्छ आवाज पक्का करा, बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघा, रिदमचा ड्राइव्ह तेवढाच मोठा, सोलो तेवढा थोडा वर. साऊंड चेकच्या वेळी एक पोरगा समोर उभा करा आणि त्याला विचारा.

ज्यांना हातानं करायची आवड आहे त्यांनी आर्डुइनो उनोवर, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डावर, चार लूपचा स्विचर जरूर करावा. मिडी इनला ६एन१३८ ऑप्टोकपलर, २२० ओहमचा रेझिस्टर आणि १एन४१४८ डायोड, रिले चालवायला यूएलएन२८०३. सामान बेंगळुरूच्या एसपी रोडवर नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतंय, आणि डब्यासाठी आपलं उद्यमबाग आहेच, तिथं पत्रा वाकवून भोकं पाडून देणारे कारागीर एवढे हुशार आहेत की नुसता हातानं काढलेला नकाशा दिला तरी पुरतो. रिले घेताना बाजारातले निळे चौकोनी मोड्यूल घेऊ नका, ते मोटर-बल्ब चालवायचे, आत एकच पोल, म्हणजे एकाच वायरीचा स्विच. पेडल पूर्ण बाहेर काढायला दोन पोलचा पाहिजे, आणि कॉन्टॅक्ट बारीक सिग्नलचा, टीक्यू२ सारखा, ५ व्होल्टवर एकाला साधारण २८ मिलिअँपिअर. प्रत्येक लूपच्या इनपुट-आऊटपुटला एक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा म्हणजे बदलताना टिक् कमी होतंय. प्रोग्राम भरताना मिडी इनची वायर पिन ० वरनं काढून ठेवा, नाहीतर भरत नाही.

पॉवर सप्लाय आयसोलेटेड घ्या, प्रत्येक पेडलला वेगळा पदर असलेला. डिजिटल डिले दोन-तीनशे मिलिअँपिअर खातो, तो ड्राइव्हच्या बरोबर एकाच वायरीवर टाकला की ड्राइव्हमधनं किणकिण ऐकू येते.

कार्यक्रमात लाईट जाते आणि जनरेटर चालू होईपर्यंत मिनिटभर जातंय, हे आपल्याकडं धरूनच चालायचं. लाईट आली की काही स्विचर पहिला प्रीसेट उघडतात, काही शेवटचा उघडतात. म्हणून पहिल्या नंबरवर स्वच्छ आवाजच ठेवा. सोलो पहिल्या नंबरवर ठेवलेला असेल आणि गायिका बोलत असताना लाईट आली तर सगळा मंडप दचकतो. गणपती भर पावसात येतात, खानापूर, चंदगडकडच्या दमट हवेत जॅक हिरवे पडतात, तर मोसम सुरू व्हायच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक जॅक दहा वेळा आत-बाहेर करा. आणि पिशवीत एक लांब लीड वेगळी ठेवा, स्विचर बंदच पडला तर गिटार थेट अँपला, गाणं थांबता कामा नये.

सराव मात्र असा करा. काकांनी किंवा कुणीतरी गाण्याची चिठ्ठी मनाला येईल त्या क्रमानं वाचायची, आणि तुम्ही खाली न बघता बटण दाबायचं. बटणं हाताच्या बोटांसारखी पायाला पाठ झाली पाहिजेत. आम्ही शहापूरला एकाच्या माडीवर चार रविवार हेच केलं, नुसती बटणं, वाजवणं नाही. पाचव्या रविवारी गाणारीला बोलावलं.